दिवाळखोरीचं पाठ्यपुस्तक आणि त्यात नसलेला माणूस

(मंचाच्या स्टुटगार्ट येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. नंतरच्या चर्चेत आलेल्या एक-दोन शंकांची उत्तरं भाषणातच समाविष्ट केली आहेत.)



आजच्या विषयाची सूचना वाचून दोघातिघांनी फोन करून विचारलं, की तू धातूंवर संशोधन करणारी, तुझा दिवाळखोरीच्या कायद्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. मी वकील नाही, आणि आज जे बोलणार आहे त्याला कृपया कोणी कायदेशीर सल्ला समजू नये. माझा संबंध फक्त एका पाठ्यपुस्तकाशी आला, आणि ते पुस्तक मला काही केल्या डोक्यातून काढता येईना, म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याला चुलतभावाकडे उतरले होते. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षाला आहे. तिच्या टेबलावर एक जाडजूड पुस्तक होतं : नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६. पुस्तकाचं नाव सांगत नाही, कारण तक्रार एका पुस्तकाची नाही. सवयीप्रमाणे मी ते चाळलं. एका पानावर 'ऑपरेशनल क्रेडिटर' या शब्दाची व्याख्या होती. माल किंवा सेवा पुरवून ज्याचे पैसे अडकले आहेत, असा धनको. त्या व्याख्येशेजारी समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता : 'बाबा'.

त्यामागची हकीकत थोडक्यात सांगते. दादाच्या परवानगीनं सांगते आहे. भोसरीला त्याचं एक छोटं वर्कशॉप होतं. आठ-दहा कामगार, चार लेथ, एका मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवायचे. ती कंपनी नादारीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा दादाचे ३८ लाख रुपये तिच्याकडे येणं होतं. दोन-अडीच वर्षांनी सगळा हिशेब मिटला, तेव्हा त्याच्या हातात दीड लाखसुद्धा पडले नाहीत. वर्कशॉपवर बँकेचं कर्ज होतं आणि घर तारण होतं. घर विकावं लागलं. दादा-वहिनींनी आम्हा सगळ्यांना सांगितलं, की मुलीला कॉलेज जवळ पडावं म्हणून भाड्याच्या घरात आलोय. दोन वर्षं दादा एकाही लग्नकार्याला आला नाही. खरं कारण मला भाचीकडून कळलं, तेही त्या समासातल्या शब्दाबद्दल विचारलं म्हणून.

मी तिला विचारलं, "पुस्तक कसं आहे?" ती म्हणाली, "आत्या, माझं एकटीचं मत धरू नकोस. मी सांगेन ते बाबांमुळे सांगेन." म्हणून तिनं वर्गातल्या तिघांना रविवारी पोह्यांना बोलावलं. चार विद्यार्थ्यांच्या मतांवरून कुठलाही सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला माझ्या व्यवसायामुळे चांगलंच माहीत आहे. पण प्रश्न चौघांनाही विचारता येतात, आणि चौघांनी ते विचारले.

आधी त्या कायद्याची चार वाक्यांत ओळख करून देते. २०१६ पूर्वी भारतात बुडीत कंपन्यांसाठी कायद्यांचं कडबोळं होतं. १९८५ चा आजारी उद्योगांचा कायदा, १९९३ चा कर्जवसुली न्यायाधिकरणांचा, २००२ चा सरफेसी कायदा, शिवाय कंपनी कायदा. प्रकरणं वर्षानुवर्षं चालत आणि तोवर यंत्रं गंजून जात. २०१६ च्या संहितेनं हे सगळं एका छताखाली आणलं. कंपनीनं पैसे थकवले की राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जायचं, संचालक मंडळ बाजूला होतं, कारभार एका व्यावसायिकाकडे जातो आणि वित्तीय धनकोंची, म्हणजे मुख्यतः बँकांची, समिती कंपनीचं भवितव्य ठरवते. माल पुरवणाऱ्याला या समितीत मत नसतं. अशा सगळ्या पुरवठादारांचं मिळून येणं एकूण देण्याच्या निदान दहा टक्के असेल तर बैठकीला हजर राहता येतं, पण मत नाहीच. त्यातून २४ मार्च २०२० पासून प्रक्रिया सुरू करण्याची किमान थकबाकी एक लाखावरून एक कोटी झाली. म्हणजे ३८ लाख अडकलेला माणूस स्वतः होऊन हे दार ठोठावूही शकत नाही.

आता अभिप्राय. पहिला मुलगा नाशिकचा, हुशार, बोलण्यात सफाई. तो म्हणाला, पुस्तक उत्तम आहे. कलमं क्रमानं आहेत, निवाडे ताजे आहेत, परीक्षेला दुसरं काही वाचावं लागत नाही. शिवाय या विषयात आज नोकऱ्या आहेत, आणि मला शैक्षणिक कर्ज फेडायचंय. त्याचं हे शेवटचं वाक्य कुणी हसण्यावारी नेलं नाही. दिवाळखोरीचा कायदा शिकायला कर्ज काढावं लागतं, ही गोष्ट खरी आहे आणि त्यात त्या मुलाचा दोष नाही.

दुसरी मुलगी धाराशिव जिल्ह्यातली, शेतकरी घरातली. ती म्हणाली, "सहाशे पानांत मला माझ्या गावातला एकही माणूस सापडला नाही. पुस्तकात कंपनी मरते, कंपनी जगते. माणूस कर्जात बुडाला तर काय, ते कुठेच नाही."

तिसऱ्या मुलाच्या आजीच्या ठेवी एका बंद पडलेल्या सहकारी बँकेत अडकल्या होत्या. तो उसळून म्हणाला, "कर्जमाफीचं कौतुक सगळे करतात. पण धनको म्हणजे दरवेळी सावकारच असतो का? माझी आजी धनकोच आहे. बँकांना ही संहिता लागूच होत नाही, म्हणून तीही या पुस्तकात नाही." फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींवरचं विमा संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेलं, तोवर अशा कितीतरी आज्यांना एका लाखाचाच आधार होता.

आणि माझी भाची म्हणाली, "पुस्तक चुकीचं नाहीये. बाबांचं काय होणार ते त्यात बरोबर लिहिलंय. पण बाबांनी काय करायला हवं होतं, ते नाहीये."

मला हे चारही अभिप्राय मोलाचे वाटले. त्यातल्या दोघींच्या प्रश्नांचा माग मी इथे परत आल्यावर काढला. जे सापडलं ते मला तरी धक्कादायक होतं.

पहिली गोष्ट. २०१६ च्या संहितेत व्यक्तींसाठी तरतूद आहे! तिसरा भाग, कलम ७८ पासून पुढे, पूर्णपणे व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी आहे. त्यात अगदी गरिबांसाठी 'नवी सुरुवात' नावाची प्रक्रिया आहे. वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाचं कर्ज रद्द करता येतं. मर्यादा किती तोकड्या आहेत ते तुम्हाला दिसतंच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा भाग अंमलातच आणलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. म्हणजे बँकांना ज्यांच्याकडून वसुली करायची होती, तेवढ्यांपुरता. गरिबाची नवी सुरुवात कागदावरच राहिली.

मग दादासारख्या माणसाला, ज्याचं वर्कशॉप त्याच्या एकट्याच्या नावावर होतं, कुठला कायदा लागू होता? १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबई शहरात असता तर १९०९ चा. १९२० च्या कायद्यात आपणहून अर्ज करायला किमान पाचशे रुपयांचं कर्ज असावं लागतं. इंग्रजांनी घातलेली ही रक्कम तशीच राहिली आहे. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा असतो आणि त्यात कर्जातून मुक्त होण्याची तरतूदही आहे. दादाला हे कुणी सांगितलं नाही. ना त्याच्या वकिलानं, ना हिशेबनिसानं. भाचीच्या पुस्तकात या दोन कायद्यांना मिळून दीड पान आहे. एके काळी या विषयावर सर दिनशा मुल्लांसारख्या मुंबईच्या विद्वानानं मोठा ग्रंथ लिहिला होता. म्हणजे ज्ञान होतं, पण अभ्यासक्रमातून निसटलं. वकील पुस्तकातून घडतात. पुस्तकात जे दीड पान असतं, ते अशिलाला कधी सांगितलं जात नाही.

दुसरी गोष्ट आपल्या इतिहासाची. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जरोखे मागून घेऊन जाळले. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. शाळेत आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून एक टीप लिहिलेली असते, दोन गुणांची. त्या लोकांचा रोख मुख्यतः कागदावर होता, हे मात्र टीपेत हरवतं. सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. आणि त्यात नादारीचं एक स्वतंत्र प्रकरण होतं : पन्नास रुपये कर्ज असलेला शेतकरी स्वतःला नादार ठरवून घेण्यासाठी अर्ज करू शकत होता. न्यायमूर्ती रानडे १८८७ पासून याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते. आपल्याकडे त्याहीआधीपासून दामदुपटीचा नियम होता, व्याज मुद्दलापेक्षा वाढू द्यायचं नाही.

हा कायदा सर्वस्वी यशस्वी झाला असं नाही. सावकारांनी पळवाटा काढल्या, पत आटली, अशी टीका तेव्हाही झाली. पण धाराशिवच्या त्या मुलीच्या प्रश्नाला तिच्याच राज्यात एकदा कायद्यानं उत्तर द्यायचा प्रयत्न केला होता, आणि तिच्या पुस्तकात ते नाही. आज शेतकऱ्याच्या वाट्याला येते ती सरकारी कर्जमाफी : २००८ ची, २०१७ ची, २०१९ ची. माफी निवडणुकीच्या आगेमागे येते, सरसकट येते आणि सावकाराच्या कर्जाला सहसा हातही लावत नाही. नादारीचा कायदा हा हक्क असतो. ज्याला गरज आहे त्यानं, जेव्हा गरज आहे तेव्हा जाऊन मागायचा. माझ्या मते हा फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आता आपण जिथे राहतो तिथे येऊ. योगायोग असा, की जर्मनीचा जुना दिवाळखोरी कायदा, कॉन्कुर्सऑर्डनुंग, हाही १८७९ मध्येच अंमलात आला. आणि तोही माणसाच्या बाबतीत कठोर होता. प्रक्रिया संपली तरी उरलेलं कर्ज मानगुटीवर राही, आणि न्यायालयानं मान्य केलेलं येणं तीस वर्षं वसूल करता येई. हे बदलायला १ जानेवारी १९९९ उजाडावा लागला. नव्या कायद्याच्या पहिल्याच कलमात असं आलं, की प्रामाणिक ऋणकोला उरलेल्या कर्जातून मुक्त होण्याची संधी द्यायची. सुरुवातीला त्यासाठी सात वर्षं थांबावं लागे, मग सहा, आणि १ ऑक्टोबर २०२० नंतरच्या अर्जांना तीन वर्षं. दंड, मुद्दाम केलेल्या अपकृत्याची भरपाई अशी काही देणी सुटत नाहीत. नगरपालिका, कारितास, डियाकोनी यांची कर्ज-सल्लाकेंद्रं आहेत आणि तिथे जायला लाज वाटू नये अशी निदान व्यवस्थेची तरी अपेक्षा आहे.

आपल्यातल्याच एका कुटुंबातली मुलगी ट्युबिंगेनला कायदा शिकते. तिचाही अभिप्राय मी घेतला. ती म्हणाली, की आमचंही पुस्तक रुक्षच आहे, आणि सामान्य माणसाची कर्जमुक्ती अगदी शेवटी येते, सेमिस्टर संपता संपता. पण येते. तिनं काही आठवडे एका सल्लाकेंद्रात काम केलं. तिला पुस्तकात न सापडलेली गोष्ट तिथे कळली : लोक न उघडलेल्या पाकिटांच्या पिशव्या घेऊन येतात. भीतीपोटी पत्रं वाचलेलीच नसतात. तिचं म्हणणं, की हे पहिल्या धड्यात असायला हवं.

जर्मनीचं गुणगान करायचा माझा हेतू नाही. २०१२ मध्ये आपल्या शेजारच्या एहिंगनची श्लेकर ही औषधी-प्रसाधन दुकानांची साखळी बुडाली आणि हजारो बायकांच्या नोकऱ्या गेल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये इथल्याच, स्टुटगार्टच्या लांडगेरिश्टनं मालक आन्टोन श्लेकर यांना मुद्दाम दिवाळखोरी केल्याबद्दल स्थगित शिक्षा दिली आणि त्यांच्या दोन मुलांना तुरुंगवास सुनावला. म्हणजे लबाडी इथेही होते. पण मालक बुडाला तर कामगाराचा तीन महिन्यांचा थकलेला पगार इथे सरकारी रोजगार कार्यालयाकडून मिळतो, मालकांकडूनच गोळा केलेल्या निधीतून. त्यासमोर जेट एअरवेजचं उदाहरण ठेवा. एप्रिल २०१९ मध्ये विमानं थांबली, जूनमध्ये नादारीची प्रक्रिया सुरू झाली, कायद्यात कमाल मुदत ३३० दिवसांची. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कंपनी मोडीत काढायचा आदेश द्यावा लागला. साडेपाच वर्षं मुंबईतले कर्मचारी कशाच्या भरवशावर थांबले असतील?

पाठ्यपुस्तक वेगळं असू शकतं का? असू शकतं. अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन राजकारणात येण्याच्या फार आधी दिवाळखोरीचा कायदा शिकवत होत्या. १९८६ मध्ये त्यांनी जे वेस्टब्रुक यांच्यासोबत याच विषयाचं पाठ्यपुस्तक काढलं. त्यात निवाड्यांबरोबर सोडवायला प्रश्न होते : हा माणूस, एवढा पगार, एवढी देणी, तुमच्यासमोर बसलाय, काय सांगाल? त्यामागे त्यांचं संशोधन होतं. १९८१ मध्ये दाखल झालेले सुमारे दीड हजार अर्ज तपासून त्यांनी पाहिलं, की दिवाळं काढणारे कोण असतात. लबाड सापडतील अशा अपेक्षेनं त्या निघाल्या होत्या, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. सापडले ते साधे, कष्टाळू मध्यमवर्गीय. आमच्या प्रयोगशाळेत मोडलेला तुकडा कुणी लाजून लपवत नाही. तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, कारण तडा कुठून सुरू झाला ते तोच सांगतो. वॉरन यांनी तेच केलं, इतकंच.

लाजेवरून एक शब्द आठवला. 'दिवाळं' या शब्दाबद्दल असं सांगतात, की बुडालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे, म्हणजे गावाला कळे. त्या शब्दात चव्हाट्यावरची नाचक्की आहे. पण कायद्याच्या मराठी नावात दुसराही शब्द आहे, 'नादारी'. तो आपल्या आईवडिलांच्या पिढीनं शाळेत ऐकलाय. माझे वडील कराडला शिकले ते नादारीवर. ऐपत नाही म्हणून फी माफ. अर्ज करायचा, हेडमास्तरांची सही घ्यायची आणि वर्गात बसायचं. काहींना अर्धी नादारी मिळे. ते हे अभिमानानं सांगत नसत, पण लपवतही नसत. पुढे ते शिक्षक झाले आणि स्वतः कितीतरी मुलांचे नादारीचे अर्ज त्यांनी भरून दिले. ज्या भाषेत नादारी हा शाळेचा दरवाजा उघडणारा शब्द होता, तिथे दादाला दोन वर्षं तोंड लपवावं लागलं.

तिसऱ्या मुलाची आजी मी विसरलेले नाही. कर्ज माफ होतं तेव्हा ते कुणाच्या तरी खिशातून जातं. म्हणूनच हे काम मंत्र्याच्या घोषणेनं न होता न्यायालयात व्हावं. तिथे ऋणकोची मालमत्ता तपासली जाते, लबाड वगळला जातो आणि धनकोलाही बोलता येतं. आजी आणि धाराशिवचा शेतकरी यांना एकमेकांसमोर उभं करायची गरज नाही. दोघांनाही त्या पुस्तकात जागा हवी.

शेवटी आपल्यापुरतं. दरवर्षी इथे शिकायला येणाऱ्या मराठी मुलांपैकी अनेकांच्या मागे गावाकडचं घर तारण असतं, आणि वडील सहकर्जदार किंवा जामीन असतात. त्यांना एक गोष्ट नीट सांगा : ऋणकोला इथे कर्जमुक्ती मिळाली तरी जामीनदार सुटत नाही. जर्मन कायदा तसंच म्हणतो आणि भारतातल्या करार कायद्यातही जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. अडचण आली तर हप्ता चुकायच्या आधी बँकेशी बोला, सल्लाकेंद्रात जा. पाकिटं उघडा.

माझा प्रस्ताव असा. आपण तीस-चाळीस पानांची मराठी पुस्तिका तयार करू : कर्ज फिटत नसेल तर काय करावं, भारतात आणि इथे. आपल्यात दोन वकील आहेत, एक बँकेतले आहेत, ट्युबिंगेनची विद्यार्थिनी तयार आहे आणि पुण्याचे चौघेही. नाशिकचा मुलगा म्हणाला, परीक्षा झाली की १९२० च्या कायद्याचं प्रकरण मी लिहितो. मसुदा झाल्यावर तो सगळ्यात आधी दादाला वाचायला द्यायचा, असं भाचीनं आणि मी ठरवलं आहे. जे त्याला कळणार नाही, ते पुन्हा लिहू.

ज्यांना या कामात यायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावं.